सशाची नखं कापताय? आधी कंबर सांभाळा!

मुलांनी हट्ट केला आणि पांढराशुभ्र ससा घरात आला, की चार दिवस त्याचे भरपूर लाड होतात. पाचव्या दिवसापासून त्याचं खाणंपिणं आणि साफसफाई कुणाकडे येते, हे मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे त्याची नखं वाढतात, मुलांच्या हातावर ओरखडे उठतात आणि 'आई, तूच काप' म्हणत नेलकटरही आपल्याच हातात येतं.

'रानातल्या सशाची नखं कोण कापतं?' असं घरातलं कुणीतरी विचारतंच. आपल्या कपाशी-सोयाबीनच्या शेतांतून पळणाऱ्या सशाची नखं माती-मुरमात आपोआप झिजतात. (हा रानससा वेगळा. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. निंदताना पिल्लू सापडलं तरी घरी आणू नका.) आपला पाळलेला ससा मात्र दिवसभर फरशीवर नाहीतर पिंजऱ्यात. त्याच्या तळपायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. नखं वाढली की बोटं वाकडी पडतात, भार टाचेवर येतो आणि तिथे जखमा होतात. कधी पोत्याच्या धाग्यात अडकून अख्खं नखच उपटतं. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी नखं बघायचीच. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी एकूण 18 नखं. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं पाचवं नख हमखास विसरतं.

आपल्याला भीती वाटते ती रक्ताची. खरा धोका मात्र सशाच्या कमरेला असतो. मांजराचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या 12-13 टक्के भरतो, सशाचा जेमतेम 7-8 टक्के. हाडं अशी नाजूक आणि मागचे पाय मात्र जबरदस्त ताकदीचे. घाबरून त्याने हवेत लाथ झाडली, तर त्याच्याच जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. उताणं करूनही कापू नका. उताणा ससा गप्प पडतो तो भीतीने, आरामाने नाही.

हे काम दोघींनी करावं. खाली जमिनीवरच बसा, म्हणजे उडी मारली तरी पडायची भीती नाही. एकीने ससा जुन्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरावा, एकेक पाय बाहेर काढावा. दुसरीने नख उजेडात धरून बघावं. आत गुलाबी रेघ दिसते ती जिव्हाळी. तिच्यापुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून फक्त टोक उडवायचं. काळ्या नखात ती दिसत नाही, तिथे मागून टॉर्च धरा. छोटी, धारदार नखं कापायची कात्री चांगली. बोथट नेलकटरने नख चिरडतं. घाटाखाली उन्हाळ्यात तर हे काम सकाळच्या गारव्यातच उरका. सशाला ऊन सोसत नाही, त्यात धडपड झाली तर जिवावर बेतू शकतं.

आणि रक्त आलंच तर? ससा सोडू नका! आपण दचकून हात काढला की तो उडी मारतो. दोन किलोच्या सशाच्या अंगात साधारण 120 मिलिलिटर रक्त असतं, पाच-दहा थेंबांनी काही बिघडत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा नखाच्या टोकाला लावा आणि स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा. मधेमधे उघडून बघू नका. हळद, तंबाखू, डेटॉल लावू नका, ससा पाय चाटतो. आपल्या डोकेदुखीच्या गोळ्याही त्याला देऊ नका. रक्त थांबल्यावर काही तास स्वच्छ पांढऱ्या चादरीवर ठेवा, म्हणजे पुन्हा डाग पडला तर लगेच कळेल.

दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, नख मुळापासून निघालं, पाय सुजला किंवा ससा मागचे पाय ओढायला लागला, तर घरगुती उपाय बंद आणि थेट पशुवैद्यक. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. खामगाव-शेगावकडच्या मैत्रिणींना अकोलाही जवळ, तिथे पशुवैद्यकीय शिक्षणाची स्नातकोत्तर संस्था आहे. आणखी एक खूण लक्षात ठेवा. ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट बघू नका.

18 नखं एकाच बैठकीत झाली पाहिजेत, असं कुठे आहे? आज एक पाय, उद्या दुसरा. प्रत्येक पायानंतर सांभाराची एक काडी हातावर ठेवा. दोन-तीन महिन्यांत तो टॉवेल बघून पळायचा थांबेल.