हृदयाला पडलेले ठिगळ



गेल्या वर्षी आमच्या काकांना हृदयविकाराचा झटका आला. पहाटे छाती भरून आली, डाव्या हातात कळ आली. "वायू धरला असेल," म्हणत त्यांनी ओव्याचे पाणी घेतले आणि आम्ही घरच्यांनीही मान डोलावली. इस्पितळात पोचेपर्यंत पाच तास गेले. काका वाचले, पण आठवडा संपण्याआधीच त्यांचा हट्ट सुरू झाला, "आता मला काही होत नाही, मळ्यात जातो." तरुण डॉक्टरांनी त्यांना थोपवले आणि म्हटले, "तोंतों, आत अजून काम चालू आहे."

ते काम कोणाचे, हे आम्ही त्यानंतर वाचून समजून घेतले. आपल्यालाही ते ठाऊक असावे म्हणून हा लेख.

हृदय म्हणजे केवळ स्नायू नव्हे. स्नायूंच्या पेशींमधून संयोजी ऊतकाच्या पेशी पसरलेल्या असतात. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना तंतुजनक पेशी म्हणू. एरवी त्या कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांची जाळी सांभाळतात. ह्या जाळीमुळे दर ठोक्याला स्नायू एकत्र बांधलेले राहतात.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की तिच्या वाट्याचा स्नायू मरू लागतो. पहिले काही दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी मेलेला भाग साफ करतात. ह्या वेळी हृदयाची भिंत तेथे कच्ची असते. क्वचित ती फाटते आणि माणूस दगावतो. ह्याच सुमारास तंतुजनक पेशी जागोजागहून गोळा होतात, संख्येने वाढतात आणि आपले रूप बदलतात. त्यांच्या अंगी स्नायूसारखी आकसण्याची शक्ती येते. भरत येणाऱ्या जखमेतील अशा बदललेल्या पेशी १९७१ साली जिनीव्हाच्या गॅब्बियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्या. ह्या पेशी जखमेच्या कडा ओढून धरतात आणि धाग्यावर धागा घालून व्रण विणतात.

ह्या विणकामाला किती दिवस लागतात? अमेरिकेतील मॅलरी, पॉल व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्याने ७२ मृतांची हृदये तपासून १९३९ साली उत्तर दिले: लहान जखमेला सुमारे पाच आठवडे, मोठीला दोन महिने. त्या काळी रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणात खिळवून ठेवत. आज डॉक्टर लवकर चालायला लावतात, आणि ते योग्यच आहे. मात्र चालणे निराळे आणि खताची गोणी उचलणे निराळे. काकांना दुखत नव्हते, पण त्यांचा व्रण अजून ओला होता.

म्हणजे व्रण हा शत्रू नव्हे. आजीच्या गोधडीला पडलेल्या ठिगळासारखा तो आहे. ठिगळामुळे फाटलेले पुढे फाटत नाही. पण ठिगळ म्हणजे मूळचे कापड नव्हे. व्रण ठोका देत नाही आणि विजेचा संदेशही नीट पुढे नेत नाही. म्हणून कधी कधी ठोक्यांची लय बिघडते. गेलेला स्नायू परत येईल म्हणावे, तर तेही नाही. २००९ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, वयाच्या २५ व्या वर्षी हृदयाच्या स्नायुपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्काच नव्या होतात आणि ७५ व्या वर्षी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आमच्या पाच तासांची किंमत आम्हाला तेव्हा कळली.

गोष्ट येथे संपत नाही. उरलेल्या स्नायूवर जादा भार पडतो. त्यात रक्तदाब किंवा मधुमेह असला, तर तंतुजनक पेशी थांबायचे विसरतात आणि चांगल्या भागातही धागे घालत राहतात. ठिगळांवर ठिगळे चढली की गोधडी जड आणि ताठ होते. तसेच हृदय ताठ होते, नीट भरत नाही आणि दम लागतो.

झटक्यानंतरच्या काही गोळ्या हा भार कमी करतात आणि धाग्यांच्या अतिरेकालाही आवर घालतात. त्यांतील स्पायरोनोलॅक्टोन हे औषध हृदय फार दुबळे झालेल्या रोग्यांना नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिले, तेव्हा मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पण ह्या गोळ्या दुखणे थांबविण्यासाठी नसतात, त्यामुळे त्यांचा गुण रोग्याला जाणवत नाही. आमच्या काकांनी आठ महिन्यांनी "बरा झालो" म्हणून त्या परस्पर बंद केल्या. थोड्याच दिवसांत पाय सुजले, रात्री उशाला तीन उशा लागू लागल्या आणि पुन्हा इस्पितळ गाठावे लागले.

२०१२ साली शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या हृदयातील तंतुजनक पेशींना स्नायूसारख्या पेशींचे रूप दिले. उद्या ठिगळाचेच कापड होईल, अशी आशा त्यामुळे वाटते. परंतु आज आपल्या हाती आहे ते ठिगळाची वेळ येऊ न देणे. आपल्या बेटाने हे एकदा करून दाखविले आहे. १९८७ साली सरकारने रेशनच्या तेलात पाम तेलाऐवजी सोयाबीन तेल आणले. १९९२ च्या पाहणीत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बरेच उतरलेले दिसले.

म्हणून आमची विनंती एवढीच: छाती भरून आली, घाम फुटला, तर ओव्याच्या पाण्यात वेळ दवडू नका, ११४ ला फोन करा. ज्यांच्या हृदयाला ठिगळ पडले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नये.

काका आता रोज सकाळी मळ्याच्या कडेपर्यंत चालत जातात आणि तेथून परत फिरतात. गोळ्यांची डबी काकी चहाच्या कपाशेजारी ठेवते. गोळी घेतल्याशिवाय चहा मिळत नाही.