इंग्रजीच्या अध्यापनात व्याकरणाचे स्थान

इंग्रजी शिकविताना व्याकरण शिकवावे की नाही, आणि शिकवावे तर केव्हा व किती, हा प्रश्न शिक्षकांच्या संमेलनांतून वारंवार निघतो आणि बहुधा अनिर्णीतच राहतो. एक पक्ष म्हणतो, व्याकरणावाचून भाषा म्हणजे पायावाचून इमारत. दुसरा म्हणतो, मूल मातृभाषा व्याकरणावाचूनच शिकते, मग इंग्रजीलाच हा जाच कशाला? दोन्ही पक्षांना अनुभवाचा आधार आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः सीमाभागातील मराठी शाळांना मात्र हा वाद तात्त्विक म्हणून बाजूस सारता येत नाही. पाल्याचे नाव घालावयास आलेला पालक आज पहिला प्रश्न विचारतो तो इंग्रजीविषयी. त्याचे समाधान झाले नाही, तर तो मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नेतो आणि मराठी शाळेतील आणखी एक बाक रिकामा होतो. सबब या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

'व्याकरण' या शब्दाने आपण दोन भिन्न गोष्टी दर्शवितो, आणि पुष्कळसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे भाषेच्या ठायी असलेली व्यवस्था. दुसरी, त्या व्यवस्थेचे वैयाकरणांनी केलेले वर्णन. लहान मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' अशी वाक्ये बिनचूक बोलते. येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलले आहे. कर्मणी प्रयोग हे नाव मुलाला ठाऊक नसते, परंतु व्यवस्था त्याच्या अंगी मुरलेली असते. या पहिल्या अर्थाचे व्याकरण आल्यावाचून कोणालाही भाषा आली असे म्हणता येत नाही. वादाचा विषय एवढाच, की नियम, व्याख्या आणि संज्ञा यांचे दुसरे व्याकरण हे पहिले व्याकरण अंगी बाणविण्यास कितपत साह्य करते.

मातृभाषेचा दाखला देणाऱ्यांनी येथे एक साधा हिशेब करून पाहावा. इंग्रजीची रोज चाळीस मिनिटांची एक तासिका आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर वर्षाकाठी सुमारे १३३ तास होतात. घरात मूल दिवसाचे दहा तास मातृभाषेच्या सहवासात असते असे मानले, तर तेवढे तास दोन आठवड्यांत भरतात. म्हणजे शाळेचे एक वर्ष हे घरच्या दोन आठवड्यांबरोबर! इतक्या अल्प सहवासातून सारी व्यवस्था आपोआप उमगेल अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. नियमाचे महत्त्व आहे ते येथे. विखुरलेल्या शंभर उदाहरणांतून जे कदाचित उमगले असते, ते नियम थोडक्यात ध्यानात आणून देतो. परंतु त्यासाठी ती उदाहरणे काही प्रमाणात तरी आधी कानांवरून गेलेली असावी लागतात.

आपल्या शाळांतील व्याकरण-अध्यापनाला जे वळण लागले, ते मूळ लॅटिनच्या अध्यापनाचे. युरोपात शतकानुशतके व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण असेच समीकरण होते. लॅटिन ही कोणाची बोलभाषा उरलेली नव्हती. ग्रंथ लावता येणे हा तिच्या अध्ययनाचा मुख्य हेतू होता, आणि त्या हेतूला रूपावली व पदपरिस्फोट पुरेसे होते. लिंडले मरे यांचे १७९५ साली निघालेले इंग्रजी व्याकरण याच परंपरेतले, आणि इंग्रजी राज्याबरोबर ही परंपरा आपल्याकडे आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' या ग्रंथावरही इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त मराठीचा विचार अधिक स्वतंत्रपणे झाला. इंग्रजीपुरते बोलावयाचे, तर तर्खडकर भाषांतर-पाठमाला आणि पुढे रेन व मार्टिन यांचे व्याकरण यांवर आपल्या अनेक पिढ्या वाढल्या. त्यांतील कित्येकांचे इंग्रजी लेखन निर्दोष होते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वाक्याचे व्याकरण घडाघडा चालविणारा विद्यार्थी त्याच भाषेत चार वाक्ये बोलताना अडखळे, हेही तितकेच खरे.

या पद्धतीवरची प्रतिक्रिया जुनीच आहे. जर्मनीत विल्हेल्म फिएटर यांनी १८८२ साली भाषाशिक्षणाची दिशाच फिरविली पाहिजे असे प्रतिपादिले, आणि जिवंत बोलीला अग्रस्थान देणाऱ्या पद्धती पुढे आल्या. आपल्याकडे १९५० नंतर वाक्यरचनांच्या पद्धतीचा प्रसार झाला. निवडक रचना सोप्याकडून कठिणाकडे मांडावयाच्या आणि नियम न सांगता सरावाने दृढ करावयाच्या, हे तिचे सूत्र. १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तीच आज विद्यापीठ म्हणून नांदत आहे. त्याहून मूलगामी प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एन. एस. प्रभू यांनी केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात नियम नव्हते आणि रचनांची घोकंपट्टीही नव्हती. नकाशा वाचणे, आगगाडीच्या वेळापत्रकावरून उत्तरे शोधणे, अशी बुद्धीला चालना देणारी कामे मुलांना इंग्रजीतून दिली जात. लक्ष अर्थावर असले म्हणजे व्यवस्था मनात आपोआप घडत जाते, हे त्यामागचे गृहीतक.

या प्रयोगाचे पुढे मूल्यमापन झाले. रचनांच्या परीक्षेत जुन्या पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली, तर अर्थग्रहणावर भर असलेल्या कसोट्यांत प्रयोगातील मुले पुढे होती. जे पेरले तेच उगवले, असा याचा अर्थ. २००० साली नॉरिस आणि ओर्तेगा या अभ्यासकांनी ४९ संशोधनांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा नियम स्पष्ट करून दिलेले शिक्षण अधिक फलदायी दिसले. परंतु त्यांतील बहुतेक चाचण्या नियमांचे ज्ञान जोखणाऱ्याच होत्या, ही मर्यादाही त्याबरोबरच ध्यानात ठेवली पाहिजे. नियम समजणे आणि नियम अंगवळणी पडणे यांत बरेच अंतर असते. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यासाठी क्रियापदाला 'स' लावावा, हा इंग्रजीतील अत्यंत सोपा नियम. तो पाच मिनिटांत सांगून होतो. तथापि हा 'स' मुलांच्या बोलण्यात फार उशिरा येतो. भिन्न मातृभाषांच्या मुलांतही हेच आढळले आहे. तेव्हा सांगूनही विद्यार्थी 'ही गो' म्हणाला, तर शिक्षकाने संतापण्याचे कारण नाही.

आमच्या मते खरा प्रश्न नियम कोणते निवडावे हा आहे, आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या मातृभाषेत सापडते. 'रामाने रावणाला मारले' हे वाक्य 'रावणाला रामाने मारले' असे फिरविले तरी मराठीत कोणी कोणाला मारले हे बदलत नाही, कारण ते विभक्तिप्रत्ययांनी सांगितलेले असते. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' यातील नामांची अदलाबदल केली की रामायणच उलटे होते. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत शब्दाचे स्थान करते. मराठी मुलाला इंग्रजीविषयी सांगावयाचा हा पहिला नियम. परंतु नामाच्या विभक्तींची लॅटिन नावे पाठ करविण्याच्या भरात नेमका हाच सांगावयाचा राहून जातो.

अशी आणखी स्थळे दाखविता येतील. मराठीत 'मला भूक लागली' असे आपण म्हणतो. भूक येऊन लागते आणि माणूस चतुर्थीत बसतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन 'आय ॲम हंग्री' म्हणतो. 'पाच वर्षांपासून' हा मराठीचा एकच शब्दप्रयोग. इंग्रजी मात्र कालाचा आरंभबिंदू सांगताना 'सिन्स' आणि कालावधी सांगताना 'फॉर' योजते. शिवाय आपण 'मी येथे पाच वर्षांपासून राहतो' असे वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून मूल 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स' असे वाक्य रचते. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' या वाक्यातील 'मी' म्हणजे 'तो', हे मराठी श्रोता बिनचूक ओळखतो. परंतु 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असे शब्दशः म्हटले, तर इंग्रजी श्रोत्याच्या समजुतीने येणारा मनुष्यच बदलतो. या चुका अज्ञानाच्या नसून मातृभाषेच्या तर्कशुद्ध अनुकरणाच्या आहेत. सीमाभागातील मुलाच्या कानांवर कन्नडही असते. पण तेथेही क्रियापद बहुधा शेवटी येते, नामांना विभक्तिप्रत्यय लागतात आणि भूक 'ननगे' म्हणजे 'मला' अशीच लागते. त्याच्या परिचयाच्या दोन्ही भाषा एका बाजूस आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूस, अशी ही स्थिती आहे.

यावरून अध्यापनाचा क्रम ठरविता येतो. 'सिन्स' आणि 'फॉर' यांचाच पाठ घ्या. प्रथम एखादा छोटा, अर्थपूर्ण उतारा वाचावा आणि त्यावर बोलावे. नियमाचे नावही काढू नये. मग त्यातील तीन वाक्ये 'सिन्स'ची व तीन 'फॉर'ची अशी फळ्यावर समोरासमोर लिहावी आणि दोहोंत भेद काय, ते मुलांनाच शोधू द्यावे. कोणी तरी सांगते, की एकीकडे साल आहे, वार आहे. दुसरीकडे किती दिवस, किती वर्षे ते आहे. आता नियम सांगावा, आणि तो मराठीतून सांगावा. कारण समजावून घेण्याची गोष्ट समजणाऱ्या भाषेतच सांगितली पाहिजे. लगेच प्रत्येकाने स्वतःविषयी दोन खरी वाक्ये बोलावी, दोन लिहावी. वहीतही त्या आठवड्यात याच एका चुकीवर खूण करावी. सर्व चुका लाल शाईने रंगविलेले पान मुलाला काही शिकवीत नाही, केवळ धास्ती घालते. शेवटी, तोच नियम महिन्याने वेगळ्या संदर्भात पुन्हा भेटेल अशी योजना असावी.

अर्थात, प्राथमिक वर्गांत नियमांची घाई करू नये. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले. त्या वयात गाणी, गोष्टी, आज्ञा आणि संभाषण यांचाच भरणा असावा. नियमाची जिज्ञासा साधारणतः पाचवी-सहावीपासून जागी होते, आणि ती जागी करण्याचे उत्तम साधन म्हणजे मराठीचे व्याकरण. ज्याला कर्ता, कर्म आणि प्रयोग या कल्पना स्वतःच्या भाषेत उमगल्या, त्याला इंग्रजीत नवी नावे तेवढी शिकावी लागतात. ज्याला त्या उमगल्या नाहीत, त्याला परकी कल्पना परक्या भाषेत गिळावी लागते. मराठीचा आणि इंग्रजीचा शिक्षक यांनी सत्रारंभी एकत्र बसून आपले पाठ जुळवून घेतले, तर कोणत्याही खर्चावाचून बरेच कार्य साधेल.

मराठी शाळेचे सामर्थ्य हेच आहे. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतून त्याला इंग्रजीची व्यवस्था समजावून देणे या शाळेला सहज शक्य आहे. ते आपण नेमकेपणाने करू लागलो, तर पालकाच्या पहिल्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर असेल. आणि इंग्रजीसाठी मराठी सोडावी लागते, हा त्याचा समज मुलाची वही पाहूनच दूर होईल.