कंपनीत प्लॅनर नक्की करतो काय?

गुगल मॅप्स तुम्हाला नाशिक फाट्यावरून चाकणला जायचे रस्ते दाखवतं, ट्रॅफिक कुठे आहे तेही सांगतं. पण चाकणला जायचं की नाही, हे तुम्हीच ठरवता. मोठ्या कंपनीतल्या स्ट्रॅटेजिक प्लॅनरचं काम साधारण असंच असतं.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. डिसेंबर 2009 मध्ये बजाज ऑटोने स्कूटर बंद करून मोटरसायकलवर लक्ष द्यायचं जाहीर केलं. निर्णय राजीव बजाज यांचा. वडील राहुल बजाज यांनी आपली नाराजी उघड बोलून दाखवली होती. ऑक्टोबर 2019 मध्ये कंपनीने इलेक्ट्रिक चेतक सादर केली. 2022 मध्ये आकुर्डीत, जिथे जुनी चेतक बनायची तिथेच, इलेक्ट्रिकचा प्लांट सुरू झाला.

एवढ्या मोठ्या निर्णयात प्लॅनरची कामं तीन:

1. आकडे गोळा करणं: विक्री, बॅटरीची किंमत, सरकारी नियम.
2. साहेबांना अडचणीचे प्रश्न विचारणं: सबसिडी थांबली तर?
3. निर्णय झाल्यावर तारखा, बजेट आणि जबाबदाऱ्या लावून देणं.

मॅनेजमेंटचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी 1994 मध्ये हेच मांडलं होतं: प्लॅनिंग म्हणजे स्ट्रॅटेजी नव्हे, प्लॅनरने स्ट्रॅटेजी ठरवणाऱ्यांना मदत करायची.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डॅशबोर्डवरचा फोरकास्ट बहुतेक वेळा मागच्या विक्रीवरूनच निघतो. 2009 पर्यंतच्या विक्रीत इलेक्ट्रिक चेतक कुठून दिसणार? आणि निर्णय चुकला, तर भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपलाही फटका बसतो. म्हणून फोरकास्ट समोर आला की आधी विचारा: हा काय गृहीत धरून काढलाय?