घराण्यातलं दुखणं आणि रात्रीची लाइट

जुन्नर-आंबेगावात सोयरीक जुळवताना मनाच्या आजाराबद्दल एक वाक्य दबक्या आवाजात येतं, “त्यांच्या घराण्यातच आहे ते.” तेवढ्यावर स्थळ मोडतं. यात अर्धंच तथ्य आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला तीव्र नैराश्य आलेलं असेल, तर आपला धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो, हे खरं. पण माणसामाणसांच्या धोक्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 37 टक्केच आनुवंशिक असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून निघतं. शिवाय नैराश्याचं असं एकच जनुक नाही. 2025 पर्यंत जनुकांतले जवळपास 700 बारीक बदल सापडले आहेत आणि एकेकाचा प्रभाव अगदी किंचित आहे. रक्त तपासून कुणाचं भाकीत करता येत नाही. घराण्यात कुणालाच नसतानाही हा आजार होतो.

“शेतात राबणाऱ्याला कसलं आलंय नैराश्य?” हा समज मला जास्त घातक वाटतो, कारण त्यापायी माणूस बोलतच नाही. फिरण्या-खेळण्याचा मनाला जसा फायदा अभ्यासांत दिसतो, तसा तो पोटासाठीच्या कष्टांत दिसत नाही. आणि झोपेचं काय? ब्रिटनमधल्या सुमारे 2,90,000 लोकांची नऊ वर्षांची माहिती 2023 मध्ये तपासली गेली. रोज सात ते नऊ तास झोपणाऱ्यांचा नैराश्याचा धोका 22 टक्के कमी होता. आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांनाही चांगल्या सवयींचा फायदा दिसला.

आता इथली रात्र बघा. शेतीपंपाची लाइट पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की उसाला, कांद्याला पाणी भरायला बॅटरी घेऊन निघायचं, आणि उसात बिबट्या. घरी परतल्यावरही डोळा लागत नाही. याला त्या माणसाची वाईट सवय कसं म्हणायचं? दिवसा लाइट द्या, ही मागणी आपण बिबट्यामुळे करतो. मनाच्या आरोग्यासाठीही ती तितकीच रास्त आहे.

दारूनं झोप लागते म्हणतात. लवकर लागते, पण पहाटेकडची मोडते आणि उदासी वाढते.

दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरात आधी कुणाला हा आजार होऊन गेला असेल, तर तेही सांगा आणि त्यांना कुठलं औषध लागू पडलं होतं तेही. डॉक्टरांना औषध निवडताना त्याचा उपयोग होतो.