शोधनिबंधावरील नावे

आमच्या घरात छापलेले नाव म्हणजे लग्नपत्रिकेतले. त्यामुळे शोधनिबंधावर कोणाचे नाव कुठे येते याला शास्त्रज्ञ एवढे का जपतात, हे मला उशिरा उमगले.

रोझलिंड फ्रँकलिन यांचेच पाहा. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये डीएनएच्या रचनेवर तीन निबंध लागोपाठ आले. पहिला वॉटसन व क्रिक यांचा, दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन व रेमंड गॉस्लिंग यांचा. गॉस्लिंग तेव्हा विद्यार्थीच होता. तरी त्याचे नाव बाईंच्या शेजारी छापले गेले, हे मला फार आवडले. पण तिसऱ्या क्रमांकामुळे तो निबंध पहिल्याला नुसता दुजोरा देणारा वाटला. वास्तविक त्यातील क्ष-किरण छायाचित्र १९५२ मध्येच घेतलेले होते, आणि विल्किन्सनी ते बाईंच्या नकळत वॉटसनला दाखविलेही होते!

पुढे बर्कबेक कॉलेजात ॲरन क्लूग यांच्यासह त्यांनी विषाणूंच्या रचनेवर काम केले. १९५८ मध्ये, अवघ्या ३७ वर्षांच्या असताना, त्या कर्करोगाने वारल्या. १९६२ चे नोबेल वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले. क्लूग यांना १९८२ मध्ये. १९५९ साली क्लूग आणि फिंच यांनी पोलिओच्या विषाणूवरील आपला निबंध बाईंच्या स्मृतीस अर्पण केला होता.