जुना लहान ट्रॅक्टर घेतांना

आमच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळ मुलें शेतकऱ्यांचीं आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरची जमीन दोन-चार एकरांपलीकडे नाहीं. यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेंत आपल्या देशांतील एका खातेदाराची जमीन सरासरीनें १.०८ हेक्टर, म्हणजे सुमारें दोन एकर सत्तावीस गुंठे, इतकीच भरली. एवढ्या शेतावर बैलजोडी वर्षभर पोसणें कठीण, गडी वेळेवर मिळत नाहीं, आणि नवा ट्रॅक्टर तर आवांक्याबाहेरचा. अशा वेळीं कोणी तरी येऊन सांगतो कीं, अमक्या गांवीं एक जुना लहान ट्रॅक्टर विकाऊ आहे. रंग नव्यासारखा आहे आणि किंमतही बेताची आहे. हें ऐकून घरांत जो आनंद होतो, त्याचें पुढें काय होतें तें आम्हीं एकदां जवळून पाहिलें आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं बैलजोडी विकली, वर थोडें कर्ज काढलें, आणि शेजारच्या तालुक्यांतून असा एक ट्रॅक्टर आणला. पहिल्याच पेरणीच्या वेळीं तो रानांत बंद पडला. मिस्त्रीनें इंजिन उघडून पाहिलें, तों पिस्टन व लायनर पार झिजून गेलेले. दुरुस्तीची जुळवाजुळव चालली असतां दुसरी वार्ता आली कीं, पहिल्या मालकानें घेतलेलें कर्ज फिटलेंच नव्हतें व गाडीवर त्याचा बोजा तसाच होता. तो मुलगा तेव्हां नववींत होता. जून-जुलै असे दोन महिने तो वर्गांत दिसला नाहीं; वडिलांबरोबर दुसऱ्याच्या शेतांत मजुरीस जात होता. वडिलांच्या हातून फार मोठी चूक घडली होती असें नव्हे. काय पाहावें हें त्यांना कोणीं सांगितलेलें नव्हतें, इतकेंच. म्हणून तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ट्रॅक्टर चांगला कीं वाईट हा दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा कीं, आपल्या शेतास तो हवा आहे काय? याचें उत्तर साध्या अंकगणितानें मिळतें. समजा, जुन्या ट्रॅक्टरची किंमत दोन लक्ष रुपये आहे. शेंकडा १२ प्रमाणें तिचें वर्षाचें व्याज २४,००० रुपये झालें. दुरुस्ती, टायर व विमा मिळून २०,००० धरूं. म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलला नाहीं तरी वर्षास ४४,००० रुपये लागले; त्याची किंमत दरवर्षीं उतरते ती निराळीच. चालवितांना तासास १८० रुपयांचें डिझेल लागतें असें मानूं. उलट, भाड्याचा ट्रॅक्टर डिझेल व चालक यांसह तासास ८०० रुपयांना मिळतो असें समजूं. वर्षांत ६० तासांचेंच काम असेल, तर स्वतःच्या ट्रॅक्टरला ५४,८०० रुपये पडतात व भाड्याच्या ट्रॅक्टरला ४८,०००. काम १२० तासांचें असेल, तर हेच आंकडे अनुक्रमें ६५,६०० आणि ९६,००० होतात. या हिशेबाप्रमाणें सुमारें ७१ तासांच्या पुढें ट्रॅक्टर घेणें फायद्याचें ठरतें. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून हेंच गणित पुन्हां करावें. अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण म्हणतों. परंतु तें अंथरूण आधीं मोजावें लागतें.

हिशेब जमला म्हणजे शक्तीचा विचार करावा. द्राक्षें, डाळिंबें किंवा ऊंस यांच्या ओळींमधून फवारणी व आंतरमशागत करावयाची असेल, तर १५ ते २० अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर पुरतो. महिंद्राचा युवराज २१५ हा १५ अश्वशक्तीचा व एका सिलिंडरचा आहे. व्हीएसटीचा १८० डी हा साडेअठरा अश्वशक्तीचा व तीन सिलिंडरांचा आहे. एका सिलिंडरच्या इंजिनांत भाग कमी असल्यानें दुरुस्ती सोपी पडते, मात्र हादरे अधिक बसतात. भारी काळ्या जमिनींत खोल नांगरट करण्याचें काम असल्या लहान यंत्राकडून घेऊं नये. त्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. लहान रोटाव्हेटर व फवारणीचें यंत्र विकणाऱ्याजवळ असल्यास तेंही सौद्यांत मागून पाहावें.

आतां प्रत्यक्ष पाहणी. ती सकाळीं लवकर, आणि शक्य तर पूर्वसूचना न देतां करावी. प्रथम इंजिनावर हात ठेवून पाहावा. तें थंड असलें पाहिजे. झिजलेलें इंजिन थंडपणीं सुरू होण्यास त्रास देतें, आणि एकदां तापलें म्हणजे तोच दोष झांकून जातो. सुरू झाल्यावर धूर पाहावा. थोडा वेळ धूर येऊन तो विरला तर चिंता नाहीं. निळसर धूर येतच राहिला, तर इंजिनांतील वंगण जळत आहे असें समजावें. बहुधा रिंगा किंवा लायनर झिजलेले असतात. पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल पुरतें जळत नाहीं, अथवा पाणी आंत शिरत आहे. काळा धूर हवेची गाळणी तुंबल्यानें किंवा इंजेक्टर बिघडल्यानेंही येतो, आणि हा दोष त्या मानानें स्वस्तांत निघतो. मग तेल ओतण्याचें झांकण उघडावें. तेथून भकाभक वाफ व धूर येत असेल, तर रिंगांविषयींचा संशय दृढ होतो. तेल मोजण्याच्या पट्टीवरील तेल दुधाळ दिसलें, अथवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर पुढें कांहींही न पाहतां घरीं परतावें. रेडिएटरचें झांकण मात्र इंजिन थंड असतांनाच काढावें. नाहीं तर उकळतें पाणी अंगावर उडतें.

तासांच्या मापकावर एकट्यावर विश्वास ठेवूं नये, कारण तो बंद पडतो व बदलतांही येतो. क्लचच्या पायपट्टीवरील रबर गुळगुळीत झालें आहे काय, मागील आंकड्याचें गोल भोंक लांबट झालें आहे काय, पुढील आंस हलविल्यास खडखडते काय, या खुणा सहसा खोटें बोलत नाहींत. ट्रॅक्टरनें आजवर काय काम केलें हेंही विचारावें. भाताच्या चिखलणींत राबलेल्या ट्रॅक्टरच्या आंसांत चिखल-पाणी शिरून सील व बेअरिंगें खराब झालेलीं असूं शकतात. ट्रॉली ओढलेल्याचे क्लच व ब्रेक आधीं झिजतात. नवा रंग पाहून हुरळून जाऊं नये. त्या रंगाखालीं तेलाची गळती व वेल्डिंगचे सांधे दडविलेले असतात असाही अनुभव आहे.

यानंतर मागील लिफ्ट पाहावी. लहान ट्रॅक्टरचा सारा जीव तींत असतो. हॅरी फर्ग्युसन यानें औत तीन बिंदूंवर जोडून हायड्रॉलिकच्या जोरानें उचलण्याची योजना काढली, व ती घेऊन फोर्ड कंपनीचा ट्रॅक्टर १९३९ सालीं बाजारांत आला. या जोडणीमुळें औताचा कांहीं भार मागील चाकांवर येतो, आणि म्हणूनच हलक्या ट्रॅक्टरलाही जमिनींत पकड मिळते. तेव्हां जड औत जोडून उचलावें, इंजिन बंद करावें आणि पाहत राहावें. औत भराभर खालीं आलें, तर हायड्रॉलिकमध्यें दोष आहे. मग प्रत्येक गिअरमध्यें ओझ्यासह चालवून पाहावें. चढावर गिअर आपोआप सुटतां कामा नये. डावा व उजवा ब्रेक निरनिराळा दाबून पाहावा. जवळच्या बाजारांत सुटे भाग मिळतात कीं नाहीं हेंही आधींच विचारून घ्यावें. पेरणीच्या दिवसांत एका सीलसाठीं आठ दिवस थांबावें लागलें, तर सवंग ट्रॅक्टरही महाग पडतो.

सर्वांत शेवटीं, परंतु पैसे देण्यापूर्वीं, कागद पाहावे. नोंदणी पुस्तकांतील इंजिन व चासीचे क्रमांक यंत्रावर कोरलेल्या क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. पुस्तकांत बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ हातीं आल्यावांचून व्यवहार पुरा करूं नये. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० लागतात. एकाच राज्यांतील व्यवहार असल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. साध्या कागदावर सही घेऊन गाडी नेणें दोघांनाही घातक आहे. अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याच्या नांवावर नोंद आहे त्याचीच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे.

तो विद्यार्थी पुढें शाळेंत परत आला. दोन वर्षांनीं त्याच्या वडिलांनीं दुसरा एक ट्रॅक्टर पाहण्यास आम्हांस सोबत नेलें. थंडीचे दिवस होते, पहांटेचे सहा वाजले होते. त्यांनीं इंजिनावर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलें. इंजिन ऊन होतें. विकणारा म्हणाला, “गुरुजी, तुम्हांस तिष्ठावें लागूं नये म्हणून आतांच चालू करून ठेवला होता.” त्याचें म्हणणें खरेंही असेल. परंतु आम्ही चहा घेऊन, त्याचे आभार मानून, रिकाम्या हातांनीं परत निघालों. त्या रात्रीं मुलानें वहींत वरील हिशेब मांडला. त्यांच्या शेताचें काम वर्षाला पन्नास तासांचेंही भरेना. ते अद्याप भाड्यानेंच नांगरट करून घेतात, आणि जुनें कर्ज फिटत आलें आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं इंजिनाची सगळीच विद्या आत्मसात करावी असा आमचा आग्रह नाहीं. वडील ट्रॅक्टर पाहण्यास निघाले म्हणजे मुलानें वही व पेन्सिल घेऊन बरोबर जावें, आणि मन भरलें नाहीं तर परत फिरण्यास लाजूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.