दूरच्या शिक्षकाकडून विद्या पदरीं कशी पडावी?

इ. स. १९८९ मध्यें नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्याचें विभागीय केंद्र नांदेडास असून शिक्षणक्रमांत कृषिविषयही आहेत. आतां मोबाईलवरही पाठ मिळूं लागले आहेत. परंतु शिक्षक समोर नसतां शिकविलेलें अंगीं कसें लागावें?

आमच्या मतें याचें उत्तर पाठाच्या रचनेंत आहे. इ. स. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत सोयाबीन न उगवल्याच्या पुष्कळ तक्रारी झाल्या. दुबार पेरणीचा भुर्दंड शेतकऱ्यांस सोसावा लागला. उगवणशक्तीवरील तासभर व्याख्यान नुसतें ऐकून बियाणें पारखतां येत नाहीं. छोट्या पाठांत एवढेंच सांगावें: ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहांच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, सावलींत ठेवून ओल राखावी व सात दिवसांनीं निकोप कोंब मोजावे. ते ७० अगर अधिक भरल्यास बियाणें पेरण्याजोगें समजावें. विद्यार्थ्यानें आपला आंकडा कळवावा व शिक्षकानें पेरणीपूर्वींच उत्तर द्यावें. वाफसा निघून गेल्यावर आलेलें उत्तर काय कामाचें?

म्हणून नांव नोंदविण्यापूर्वीं वाचकांनीं दोनच गोष्टी विचाराव्या: हातानें करावयाचें काम किती, आणि शंकेस उत्तर किती दिवसांत?